अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा

माझा आजा मूर्तिजापूर तालुक्यातील एका खेड्यात सालदारकी करीत होता. त्याला सही येत नव्हती. सावकाराच्या ओसरीखाली उभे राहून त्याने किती कागदांवर अंगठा उठवला हे त्यालाही सांगता येत नव्हते. कागदावर काय लिहिले होते हे सांगता येण्याचा प्रश्नच नव्हता. माझा बाप चौथी शिकला. अकोल्याला हमाली करताना मुकादम मजुरीच्या वहीबरोबर शाईचा डबा पुढे सरकवी आणि बाप खिशातून पेन काढी. ते पेन काढणे म्हणजे आमच्या घरापुरती बाबासाहेबांची चळवळ होती. पुढे मी एम. ए. झालो आणि अमरावतीच्या एका महाविद्यालयात शिकवू लागलो. तीन पिढ्यांत आमच्या घरातून अंगठा संपला, असे आम्ही समजत होतो.

तो संपला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा माय कंट्रोलच्या दुकानातून रिकामी थैली घेऊन परत येत होती. मशीनने तिचा अंगठा घेतला नव्हता. तीन वेळा लावला, तीनदा लाल अक्षरे आली. "पुढच्या आठोड्यात या," असे तिला सांगण्यात आले. माय ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बापू, मी जिती हाय, पन आंगठा मेला म्हन्ते मशीन."

ती हसत होती. मला मात्र हसू आले नाही. माझ्याजवळ दोन पदव्या होत्या. पण मशीनने नकार दिल्यावर मायने काय करायचे, हे मला सांगता आले नाही. त्यानंतर मी या यंत्राची माहिती जमवू लागलो. वैचारिक त्रैमासिकात असल्या माहितीला जागा कशाला, असे कोणी विचारील. ज्या यंत्रापुढे आपली माणसे रोज रांगेत उभी राहतात ते यंत्र काय करते, हे आपल्यातील शिकलेल्यांना सांगता येत नसेल, तर आपल्या शिकण्याचा वाड्यावस्तीला उपयोग तो काय? म्हणून हे लिहीत आहे.

१

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, बोटांच्या ठशांचा इतिहास निरागस नाही. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या संपूर्ण पंजाचा ठसा करारावर घेतला. त्या माणसाला धाक बसावा, पुढे त्याने सही नाकारू नये, हा आपला हेतू हर्शेलने स्वतःच लिहून ठेवला आहे. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. ठशांचे वर्गीकरण करण्याच्या पद्धतीसाठी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी राबून काम केले. ती पद्धत आजही ओळखली जाते ती त्यांच्या साहेबाच्या, हेन्रीच्या नावाने. पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात नोंदलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याची तरतूद आली. आपल्या वऱ्हाडातील पारधी समाजाला हा इतिहास सांगावा लागत नाही. तो कायदा १९५२ साली गेला. संशय गेला नाही.

म्हणजे ज्याच्या शब्दावर व्यवस्थेचा विश्वास नाही, त्याचा अंगठा घ्यायचा, ही रीत जुनीच आहे. आधार ओळखपत्राचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात झाला. ज्यांच्याजवळ कसलाही कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हे त्या वेळचे आश्वासन होते. ते अगदीच खोटे होते असे मी म्हणणार नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीला भटकणाऱ्या अनेकांच्या हाती प्रथमच स्वतःच्या नावाचा कागद आला. पण ओळख देणारी वस्तू हळूहळू ओळख तपासणारी झाली, आणि तपासणारा नेहमीच दारात उभा असतो.

२

आता मशीन काय करते ते पाहू. बोटावरच्या रेषा कोठे संपतात आणि कोठे दोन फाटे फुटतात, तेवढ्या जागा मशीन टिपते. त्या खुणा आधार क्रमांकासह गुप्त लिपीत बांधून इंटरनेटवरून आधारच्या मध्यवर्ती भांडारात पाठवल्या जातात. तेथे नोंदणीच्या वेळच्या खुणांशी त्या ताडून पाहतात आणि उत्तर येते : 'होय' किंवा 'नाही'.

हे 'नाही' नीट समजून घेतले पाहिजे. 'ही बाई खोटी आहे' असा त्याचा अर्थ नसतो. 'आज, या काचेवर, या बोटाच्या पुरेशा खुणा जुळल्या नाहीत' एवढाच त्याचा अर्थ असतो. काच मळकी असेल, बोट कोरडे असेल, रेंज नसेल, तरी काम अडते. आणि बोटावरच्या रेषाच झिजल्या असतील, तर मग वारंवार अडते.

रेषा कोणाच्या झिजतात? माझी माय चाळीस वर्षे कापूस वेचत आली. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना रोज ओरबाडतात. वीटभट्टीवरच्या मजुराचे हात, सिमेंट कालवणाऱ्या बाईचे हात, नगरपालिकेच्या सफाई कामगाराचे हात पाहा. कुष्ठरोगाने ज्यांची बोटेच गेली त्यांच्याविषयी काय बोलावे! गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याचा अंगठा पहिल्याच झटक्यात जुळतो. जात ही केवळ कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. ती विभागणी बोटांच्या कातडीवर उमटलेली असते. यंत्राला जात कळत नाही हे खरे. पण जातीने ज्यांच्या वाट्याला जे काम दिले त्या कामाची झीज त्याला बरोबर कळते, आणि तिलाच ते अपात्रता समजते.

३

परंतु यंत्राचा नकार हा कायद्याचा नकार नाही. या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे.

आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात रेशन व इतर योजनांबाबत स्पष्ट सांगितले आहे की, बोटाचा ठसा जुळला नाही तर डोळ्याची बुबुळे किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी असे दुसरे मार्ग वापरावेत. तेही न जमल्यास माणसाची ओळख पटवून वहीत नोंद करावी आणि लाभ द्यावा. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुदानाच्या योजनांसाठी आधार ग्राह्य धरले. पण ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणूस वंचित राहणार नाही ही सरकारची हमीही निकालात नोंदवली. ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. ॲसिड हल्ल्यात चेहरा गेलेल्या स्त्रिया आणि दृष्टिहीन व्यक्ती यांना ई-केवायसी करता येत नव्हती. त्या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

मायसाठी मी पुढे काय केले ते सांगतो. पहिली गोष्ट, अंगठाच लावला पाहिजे असे नाही. नोंदणीत दहाही बोटे घेतलेली असतात. हात धुऊन, पुसून एकेक बोट लावून पाहिले, तेव्हा मायच्या डाव्या हाताचे अनामिका बोट जुळले. आता ती तेच बोट पुढे करते. दुसरी गोष्ट, शिधापत्रिकेवर नाव असलेल्या घरातील दुसऱ्या माणसाच्या ठशावरही धान्य मिळते. तिसरी गोष्ट, आधार केंद्रावर ठसे नव्याने देता येतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा आकार १२५ रुपये ठरला आहे. जास्त मागितल्यास १९४७ या क्रमांकावर मराठीतून तक्रार करता येते. मुलांचे ठसे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर पुन्हा द्यावे लागतात; शाळेतील शिक्षकांनी हे पालकांना आवर्जून सांगावे, नाही तर नेमके बारावीच्या अर्जाच्या वेळी पोराचा अंगठा 'मरतो'.

आणि चौथी गोष्ट. धान्य नाकारले तर रिकाम्या हाताने परतू नये. नकाराचे कारण, तारीख आणि वेळ कागदावर लिहून मागावी. दुकानदार देणार नाही. तरी मागावी, आणि आपणच आपल्या वहीत लिहून तो कागद तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात आवक क्रमांकासह द्यावा. रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांकही आहे. तोंडी नकाराला पुरावा नसतो. आपल्या समाजाला आजवर झालेले बहुतेक नकार तोंडीच होते, हे विसरता कामा नये.

४

आतापर्यंत अंगठा जुळत नाही तेव्हाचे सांगितले. तो जुळतो तेव्हाही धोका असतोच.

खेड्यात बँकेची शाखा नसते. पण पानटपरीशेजारी 'मिनी एटीएम' असते. तेथे बँकेचे नाव सांगायचे, आधार क्रमांक द्यायचा आणि अंगठा लावायचा. पैसे हातात येतात. पिन नाही, ओटीपी नाही. म्हाताऱ्या माणसाला बारा कोस न जाता पेन्शन मिळते ही सोय मोठीच आहे. पण याचा अर्थ असा की, येथे अंगठा हीच सही, अंगठा हीच किल्ली. आणि किल्ली आपण दुसऱ्याच्या मशीनवर ठेवतो.

माझ्या आत्याच्या खात्यात रमाई आवास योजनेचा हप्ता आला होता. तिने दोन हजार काढायला अंगठा लावला. "नेट गेलं, पुन्हा लावा," असे सांगून तिचा अंगठा आणखी एकदा घेतला गेला. हातात दोन हजार मिळाले. वीस दिवसांनी पासबुक छापून आणले, तेव्हा त्याच दिवशी आणखी दहा हजार गेल्याचे दिसले. बँकेचा संदेश तिला आलाच नव्हता. कारण खाते उघडताना मोबाईल क्रमांक दुसऱ्याचाच टाकला गेला होता. पैसे परत मिळाले; पण पाच महिन्यांनी, आणि घरात अर्ज लिहिणारा एक मास्तर होता म्हणून मिळाले. ज्या घरात मास्तर नाही त्या घराचे काय?

म्हणून त्या घरांसाठी येथे क्रमाने सांगतो. अंगठा लावण्यापूर्वी पडद्यावरचा आकडा पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारे पोर बरोबर न्या. आकडे वाचायला दुसरीचे पोर पुरते. 'पुन्हा लावा' म्हटले तर आधी पहिल्या वेळच्या अपयशाची पावती मागा. पावतीशिवाय दुकान सोडू नका. हजारामागे काही रक्कम कापून घेत असतील तर ती पावतीवर लिहून द्यायला सांगा. महिन्यातून एकदा पासबुक छापून आणा.

खात्यातून पैसे गेले आणि हातात आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी घालून दिलेला नियम आहे : अशा फसलेल्या व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत जमा झाले पाहिजेत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम किती जणांना माहीत आहे? दुसऱ्याने परस्पर पैसे काढले असतील, तर ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातील तत्त्व असे की, आपली चूक नसताना बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर नुकसान ग्राहकाच्या माथी पडत नाही. जितका उशीर तितका हक्क आखडतो. म्हणून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करावा, मग बँकेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीसाठी क्रमांक १४४४८.

ठशांची चोरीही होते. २०१८ साली तेलंगणात एका माणसाने जमीन नोंदणीच्या कागदांवरून लोकांचे अंगठे उचलून त्यांच्या नकली प्रती केल्या आणि सिमकार्डे चालू केली, हे उघडकीस आले. तेव्हा २०२३ पासून काचेवरचे बोट जिवंत आहे की नकली हे तपासण्याची व्यवस्था आली; मशीन चालवणाऱ्यांची बँकांनी कसून पडताळणी करावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढला, तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. या बातम्या चांगल्या आहेत. पण आपल्या दाराला कुलूप आपणच लावावे हे बरे. आधारच्या अधिकृत ॲपवरून, संकेतस्थळावरून किंवा आधार केंद्रावर जाऊन आपले ठसे 'लॉक' करता येतात. लॉक असताना कोणीही तुमच्या ठशावर पैसे काढू शकत नाही. लागेल तेव्हा थोड्या मिनिटांपुरते उघडता येते. जो महिन्यातून एकदाच अंगठ्याने पैसे काढतो किंवा कधीच काढत नाही, त्याने हे जरूर करावे. मात्र जिला दर महिन्याला रेशनसाठी बोट लावावे लागते त्या म्हाताऱ्या बाईचे कुलूप, उघडून देणारे कोणी जवळ नसेल तर, लावू नये. आणि आधारची झेरॉक्स मागतील तेथे, चालत असेल तर, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्यावी.

५

विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. माझ्यासारखे हजारो जण तिच्यावरच शिकले. आज ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. आता एका माणसाची खाती चार बँकांत असली तरी सरकारी पैसा एकाच खात्याकडे वळतो : सर्वांत शेवटी ज्या बँकेने त्याचा आधार या कामासाठी जोडला त्या खात्याकडे. एकदा माझा एक विद्यार्थी रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, पोर्टलवर पैसे जमा दाखवतात, खात्यात नाहीत." शोध घेतला, तेव्हा मोबाईलचे सिम घेताना त्याच्या नावाने उघडले गेलेले एक खाते सापडले. पैसे तेथे होते.

हे एकट्या त्याचे दुर्दैव नव्हते. २०१७ साली एअरटेल पेमेंट्स बँकेने सिमच्या पडताळणीच्या वेळी ग्राहकांची खाती उघडली आणि लोकांचे गॅस अनुदान त्या खात्यांत वळले. आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची ई-केवायसीची परवानगी स्थगित केली, आणि सुमारे १९० कोटी रुपये परत करण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी, आपला आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. महाविद्यालयांतील शिक्षकांनी जुलै महिन्यात एक दिवस यासाठी द्यावा. भाषण एखादे कमी झाले तरी चालेल.

ओटीपीविषयीही हेच. तो अंगठ्याचाच दुसरा अवतार आहे. 'साहेब बोलतोय, आलेला नंबर सांगा' म्हणणाऱ्याला तो सांगणे, म्हणजे न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवणे. आणि तो कोणाच्या मोबाईलवर येतो हा प्रश्न बाईच्या बाबतीत फार मोठा आहे. लाडकी बहीण योजनेत २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तीत बाईबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार आणि ओटीपी मागितला गेला. जिला दोन्ही नाहीत, जिला नवऱ्याने टाकले, तिने कोणाच्या दारी जायचे? ओरड झाल्यावर अशा स्त्रियांसाठी वेगळी सोय आणि ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत द्यावी लागली. म्हणून वस्तीतल्या प्रत्येक बाईच्या आधारला आणि बँक खात्याला तिचा स्वतःचा मोबाईल क्रमांक असावा. पुतण्याचा नको, सेंटरवाल्याचा तर मुळीच नको.

६

अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून आपल्या माणसांनी परिषद घेतली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. आजचे दार काचेचे आहे, बोटाएवढे आहे, आणि त्याच्यामागे पुजारी दिसत नाही. त्यामुळे भांडायचे कोणाशी, हे आपल्याला कळत नाही. पण त्याच्यामागेही नियम आहेत, अधिकारी आहेत, पोच देणारी खिडकी आहे. जेथे नियम आहे तेथे संघर्षाला जागा आहे.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठेवावा. एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी, एक वही, एक चार्ज केलेला मोबाईल. ज्याचे पासबुक त्याला वाचून दाखवायचे, ज्याचा अर्ज त्याला लिहून द्यायचा, आणि हळूहळू त्यालाच लिहायला लावायचे. आमच्या गावात तो तास सुरू होऊन काही महिने झाले. पहिल्या रविवारी चार बायका आल्या होत्या. मागच्या वेळी ओट्यावर बसायला जागा नव्हती.

माय तेथे नेमाने येते. पासबुकातले आकडे आता तिला वाचता येतात. मागच्या खेपेस मी गेलो तर ती वहीवर तेच एक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवीत होती. "हे कायले व माय?" मी विचारले. ती म्हणाली, "मशीन आंगठा घेते त घेवो. तक्रारीच्या कागदावर मी सहीच करीन."